लोखंड जळत नाही, मग इमारत का पडते?

म्युनिकच्या हाउप्टबानहोफपासून चालत जेमतेम पाच-सात मिनिटांवर जुने बोटॅनिकल गार्डन आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांना शहर दाखवताना आपल्यापैकी बहुतेकांची पावले कधी ना कधी तिकडे वळलेली असतात. याच बागेत एके काळी २३४ मीटर लांब, ६७ मीटर रुंद आणि सुमारे २५ मीटर उंच अशी, जवळजवळ संपूर्ण लोखंडाची आणि काचेची एक इमारत उभी होती, हे आज तिथे फिरताना सांगूनही खरे वाटत नाही. तिचे नाव 'ग्लासपालास्ट', म्हणजे काचेचा महाल. १८५४ साली ती उभी राहिली आणि ६ जून १९३१ च्या पहाटे जळून गेली.

काच जळत नाही, लोखंडही जळत नाही. मग या दोहोंची इमारत जळाली कशी? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, की जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो, आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणे आपल्या या म्युनिकमध्येच घडलेली आहेत. मी मूळचा सिव्हिलचा विद्यार्थी. मास्टर्ससाठी जर्मनीत आलो आणि पुढे पोटापाण्यासाठी आयटीत शिरलो. पण इमारत दिसली की तिच्या तुळया आणि खांब शोधायची सवय काही सुटली नाही. तेव्हा यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला आहे. आकडेमोड फारशी नाही, काळजी नसावी!

आगीची धास्ती म्युनिकला फार जुनी आहे. १३२७ साली लागलेल्या आगीत शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा भस्मसात झाला. त्यानंतर काही वर्षांनी, १३४२ मध्ये, सम्राट लुडविगने नव्या घरांवर कौले घालण्याचा नियम केला. पुढे १८२३ च्या जानेवारीत नॅशनल थिएटरला आग लागली. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठलेले, म्हणून जवळच्या होफब्रॉयहाउसमधून बिअर आणून आग विझवायचा प्रयत्न झाला, ही हकिकत म्युनिककर आजही रंगवून सांगतात. थिएटर वाचले नाही. ते पुन्हा बांधायला पैसा लागला, तो बिअरवर कर बसवून उभा केला. १८२५ मध्ये थिएटर पुन्हा उघडले. बिअर आगीच्या कामी आली नाही, बांधकामाच्या कामी मात्र आली!

आपल्याकडे वेगळे काय होते? पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला. दगडी जोते, विटांची तटबंदी आणि आत सगळा सागवानी थाट. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. आज आपण पाहतो तो दिल्ली दरवाजा, ते बुरूज आणि ती जोती म्हणजे त्या वाड्यातले न जळणारे तेवढे उरले आहे. मुंबईच्या कोटात १८०३ मध्ये मोठी आग लागली, आणि दाटीवाटीने वसलेल्या त्या वस्तीची पुढची आखणी बदलली.

लाकूड जळते, तर लाकूडच नको, असा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झाला. कापडाच्या गिरण्यांत तंतूंची धूळ, तेलाचे दिवे आणि लाकडी तक्तपोशी, म्हणजे आगीला आमंत्रणच. १७९७ मध्ये श्रूझबरी येथे चार्ल्स बेज यांनी एक ताग-गिरणी उभारली. तिचे खांब आणि तुळया बिडाच्या होत्या आणि तुळयांच्या मध्ये विटांच्या कमानींची जमीन होती. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत मानतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत छताकडे पाहिले, की लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी दिसतात, त्या याच घराण्यातल्या. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आताचे एस्प्लनेड मॅन्शन, हेही त्याच मालिकेतले. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणला आणि १८६० च्या दशकात जोडला. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात.

अशा इमारतींना त्या काळी बिनदिक्कत 'अग्निरोधक' म्हणत. १८७१ मध्ये शिकागो जळाले तेव्हा या शब्दातली हवा गेली. तिथल्या कित्येक लोखंडी इमारती आगीत वाकल्या आणि कोसळल्या. त्यानंतर अमेरिकेत लोखंडी खांबांना आणि तुळयांना भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचे आवरण घालण्याची पद्धत रूढ होत गेली. स्वतः न जळणारी वस्तू आगीत टिकेलच असे नाही, हा धडा जगाने मोठी किंमत मोजून घेतला.

आता म्युनिककडे येऊ. सध्याच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची सुरुवात १८६८ साली पॉलिटेक्निक म्हणून झाली, आणि त्याच वर्षी तिथे योहान बाउशिंगर नावाचे प्राध्यापक रुजू झाले. धातू एका दिशेने ताणला, की उलट दिशेने तो लवकर हार मानतो, या गुणधर्माला आजही जगभरचे इंजिनिअर 'बाउशिंगर परिणाम' म्हणतात. त्यांच्या प्रयोगशाळेत वस्तू ताणून आणि दाबून पाहणारे एक प्रचंड यंत्र होते. ते लुडविग वेर्डर यांच्या रचनेचे, आणि योगायोग असा, की हेच वेर्डर न्युर्नबर्गच्या क्लेट कारखान्यात ग्लासपालास्टच्या लोखंडी कामाचे सूत्रधार होते. हाच कारखाना पुढे मान कंपनीत विलीन झाला. मान हे नाव आपल्याला रोज रस्त्यावरच्या ट्रकवर आणि बसवर दिसतेच.

१८८४ च्या सुमारास जर्मनीत एक वाद पेटला होता. आग लागलेल्या घरात बिडाचे खांब भरवशाचे नाहीत, असे बर्लिनच्या पोलीस प्रशासनाचे मत झाले आणि त्यांच्या वापरावर निर्बंध आले. त्याऐवजी घडीव लोखंड वापरावे, असा रोख होता. कारण ऐकायला अगदी पटण्यासारखे होते. आपल्या आजीचेच उदाहरण घ्या ना. चुलीवरून उतरवलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी ओतलेले तिला मुळीच चालत नसे, कारण तवा तडकतो. आगीच्या बंबाचे पाणी तापलेल्या बिडाच्या खांबावर पडले, तर खांबही तडकणार आणि वरचे घर खाली येणार!

बाउशिंगर यांनी मत दिले नाही, प्रयोग केला. खांबांवर इमारतीत असतो तसा भार ठेवला, ते टप्प्याटप्प्याने लालबुंद होईपर्यंत तापवले आणि मग त्यांच्यावर पाणी मारले. निकाल अनपेक्षित निघाला. बिडाचे खांब वाकले, पाण्याने त्यांना भेगा गेल्या, पण त्यांनी भार सोडला नाही. घडीव लोखंडाचे खांब मात्र इतके वाकले, की ते भार पेलू शकेनात. तव्याचा अनुभव खोटा नव्हता. पण तडकणे वेगळे आणि कोसळणे वेगळे, हा फरक प्रयोगाशिवाय कळला नसता.

या निकालावर पुष्कळ चर्चा झाली. नंतर हॅम्बुर्गमध्ये बंदरातल्या गोदामाला १८९१ साली मोठी आग लागली आणि तिथल्या प्रशासनाने गोदामाच्या खांबांवर स्वतंत्र प्रयोग करून घेतले. उघडे लोखंड, मग ते कोणतेही असो, आगीत फार काळ टिकत नाही आणि आवरण घातले तर पुष्कळ जास्त टिकते, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे 'कोणते लोखंड' हा प्रश्न मागे पडला आणि 'किती वेळ' हा प्रश्न पुढे आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे.

वेळेचा हिशेब थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेत आग 'लावायची' जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात भट्टीचे तापमान पाच मिनिटांत सुमारे ५७५ अंश, अर्ध्या तासात ८४० अंश आणि एका तासात ९४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. पोलाद वितळते सुमारे १५०० अंशांना. म्हणून लोकांना वाटते, की घरातल्या आगीत पोलादाला काय धोका? पण वितळण्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. साधारण ४०० अंशांपर्यंत त्याची ताकद टिकून असते. ५०० अंशांना ती पाऊणपट राहते, ६०० ला निम्म्याहून कमी आणि ७०० ला जेमतेम पावपट. शिवाय पोलाद तापले की प्रसरण पावते. दहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली, तर ती सहा-सात सेंटिमीटर लांब होते. जागा मिळाली नाही, की ती शेजारच्या खांबाला ढकलू लागते. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी संध्याकाळी वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात नंबरची इमारत पडली. तिच्यावर विमान आदळलेच नव्हते. तासन्तास जळणाऱ्या मजल्यांवरच्या लांब तुळया प्रसरण पावल्या, त्यांनी एक मुख्य गर्डर त्याच्या बैठकीवरून सरकवला आणि तिथून पडझड सुरू झाली, असा निष्कर्ष तिथल्या सरकारी संस्थेने काढला.

आता ग्लासपालास्टचे कोडे उलगडते. त्याचे लोखंड आणि काच जळणारी नव्हती, पण आत प्रदर्शनाचा लाकडी-कापडी पसारा होता आणि भिंतींवर चित्रे होती. त्या वेळी तिथे जर्मन रोमँटिक चित्रकारांचे मोठे प्रदर्शन चालू होते. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांच्यासारख्यांची ११० चित्रे त्यात होती. आणखी हजारो समकालीन कलाकृती होत्या. आतला पसारा पेटला, उघडे लोखंड मऊ पडले आणि महाल खाली बसला. सुमारे तीन हजार कलाकृती नष्ट झाल्या. ज्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून ग्लासपालास्टची कल्पना घेतली होती, तोही १९३६ साली असाच जळाला. ग्लासपालास्टमधले एक कारंजे मात्र वाचले. ते आज हायडहाउझेनमधल्या वाइसेनबुर्गर प्लाट्झवर आहे. ख्रिसमस मार्केटच्या दिवसांत तिकडे गेलात, तर क्षणभर थांबून जरूर बघा.

१९३४ मध्ये जर्मनीने इमारतींच्या अग्निसुरक्षेचे मानक आणले, ते 'डीआयएन ४१०२'. त्यातूनच पुढे 'एफ ३०', 'एफ ९०' असे शब्द रूढ झाले. एफ ९० म्हणजे तो भाग ठरलेल्या आगीत ९० मिनिटे आपले काम करत राहील. 'कधीच पडणार नाही' असे कोणी म्हणत नाही. माणसे बाहेर पडायला आणि अग्निशामक दल आत शिरायला पुरेसा वेळ मिळेल, एवढेच ते वचन आहे. हा वेळ विकत घेण्याचे मार्ग अनेक आहेत. पोलाद काँक्रीटमध्ये गाडायचे. किंवा त्याला जिप्समच्या पाट्यांची पेटी करायची. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते, आणि ते उडून जाईपर्यंत मागचे पोलाद फारसे तापत नाही. किंवा एक खास रंग लावायचा. तो एरवी साध्या रंगासारखा दिसतो, पण आग लागली की तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म फुगतो आणि पोलादाभोवती जाड, सच्छिद्र दुलई तयार करतो.

एवढे सगळे ठरल्यावर वाटले असते, की आता विषय संपला. पण १९९० च्या जूनमध्ये लंडनच्या ब्रॉडगेट भागात बांधकाम चालू असलेल्या एका चौदा मजली इमारतीला आग लागली. पोलादाच्या पुष्कळशा भागावर आवरण चढायचे अजून बाकी होते. आग साडेचार तास चालली. तुळया कुठे कुठे अर्ध्या मीटरहून जास्त झुकल्या. हिशेबाप्रमाणे इमारत पडायला हवी होती. ती पडली नाही!

का पडली नाही, हे शोधायला इंग्रजांनी कार्डिंग्टन येथे विमानांच्या, म्हणजे जुन्या एअरशिपच्या, एका अजस्र शेडमध्ये आठ मजली पोलादी इमारत खरोखरच उभारली आणि १९९५ ते २००३ या काळात तिच्यात सात वेळा आगी लावल्या. उत्तर मिळाले ते तुळयांमध्ये नाही, तर त्यांच्यावरच्या स्लॅबमध्ये. मधल्या तुळया मऊ पडल्या, की त्यांच्यावरचा स्लॅब झोळीसारखा खाली येतो. चार जणांनी चादरीचे चार कोपरे घट्ट धरले आणि मध्ये मूल बसवले, तर चादर खोलगट होते, पण मूल पडत नाही. स्लॅबमधली सळयांची जाळी म्हणजे ती चादर, आणि कडेचे काँक्रीट एखाद्या कड्यासारखे दाबले जाऊन तिला धरून ठेवते. अट एकच. कोपरे धरणाऱ्यांनी हात सोडता कामा नयेत. म्हणजे खांब आणि कडेच्या तुळया पूर्ण सुरक्षित हव्यात. कार्डिंग्टनच्या एका प्रयोगात खांबांच्या वरच्या टोकाचा थोडासा भाग आवरणाविना ठेवला होता. तेवढाच भाग चिरडला आणि वरचे मजले जवळपास वीतभर खाली आले.

या झोळीचा पुढचा अभ्यास पुन्हा म्युनिकमध्ये झाला. २०१० च्या सुमारास टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पोलाद आणि काँक्रीटच्या संयुक्त स्लॅबवर दोन मोठे अग्निप्रयोग केले. मधल्या तुळया मुद्दाम उघड्या आणि कडेच्या तुळया संरक्षित. ज्या विद्यापीठात बाउशिंगर यांनी एकेक खांब तापवून पाहिला, तिथेच सव्वाशे वर्षांनी अख्खा मजला तापवून पाहिला गेला. सुटा खांब, सुटी तुळई असा विचार करणारे शास्त्र आता 'सगळे मिळून काय करतात' असे विचारू लागले आहे. माझ्यासारख्या सिव्हिल सोडून गेलेल्या माणसाला तरी यात एक वेगळेच समाधान वाटते.

मात्र झोळीच्या गोष्टीवरून कोणी गाफील राहू नये. २००५ च्या फेब्रुवारीत माद्रिदचा विंडसर टॉवर जळाला, तेव्हा बाहेरच्या बाजूचे उघडे पोलादी खांब असलेले वरचे मजले कोसळत गेले. मधला काँक्रीटचा गाभा उभा राहिला. तिथे कोपरे धरणारेच निसटले होते.

आता थोडे आपल्या घराबद्दल. आपल्या देशात बहुतेक इमारती आरसीसीच्या. सळईभोवतीचे काँक्रीट हेच तिचे आगीपासूनचे कवच, त्यामुळे सांगाडा बहुधा टिकतो. पण सांगाडा टिकला म्हणजे माणूस वाचला, असे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. ती चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. इमारत उभी राहिली, आणि पाच माणसे गेली. आगीत बहुतेक बळी ज्वाळेने नव्हे, तर धुराने जातात. धूर जिन्यात शिरला, की सांगाडा ९० मिनिटांचा असो की १२० मिनिटांचा, त्याचा उपयोग उरत नाही.

इथे आल्यावर आपल्या प्रत्येकाला हाउसफरवाल्टुंगचे ते पत्र एकदा तरी आलेले आहे: 'जिन्यात चपला, सायकल, बाबागाडी ठेवू नये'. आपण चिडतो, 'काय हा जर्मन खाक्या' म्हणतो. पण त्या पत्रामागे हाच इतिहास आहे. इथे प्रत्येक घराला बाहेर पडायचे दोन स्वतंत्र मार्ग असावे लागतात, आणि जिना हा त्यातला पहिला. सर्वांत वरच्या मजल्याची जमीन २२ मीटरच्या वर गेली, की इमारत 'होखहाउस' ठरते, कारण अग्निशामक दलाची नेहमीची शिडी त्यापुढे पोचत नाही. मग नियम कडक होतात.

माझे आई-बाबा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतात. मागच्या भेटीत त्यांच्या जिन्याचे आगरोधक दार, हवा येते म्हणून, कुंडी लावून उघडे ठेवलेले दिसले. प्रत्येक मजल्यावर तेच. रखवालदाराला विचारले, तर म्हणाला, "साहेब, बंद केलं की लोक ओरडतात." सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. एक काका म्हणाले, "अहो, सिमेंटची बिल्डिंग आहे, ती काय जळतेय?" मला ग्लासपालास्ट आठवला. त्यांना ती सगळी कथा सांगितली, आणि काकांनी शांतपणे ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरची कुंडी उचललेली होती. बाकीच्या मजल्यांचे अजून चालूच आहे.

म्हणून या दिवाळीत घरी फोन कराल, तेव्हा फराळाबरोबर दोन प्रश्न जरूर विचारा. जिन्याची दारे बंद राहतात का? आणि सोसायटीने 'नमुना ब' भरला आहे का? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आपण इथे दूर आहोत, धावून जाऊ शकत नाही. पण हे दोन प्रश्न विचारायला विमानाचे तिकीट लागत नाही. इंजिनिअर आपल्याला ठरावीक मिनिटे मिळवून देतात. त्या मिनिटांत जिना मोकळा असणे, हे मात्र तिथे राहणाऱ्यांच्याच हातात असते.